तामागोची घ्यायचाय, पण ओरिजिनल की युनी?

तामागोची म्हणजे बांदाई या जपानी कंपनीचं छोटं अंड्यासारखं खेळणं, त्याच्या स्क्रीनवर एक पिल्लू पाळायचं असतं. माझ्याकडे दोन्ही आहेत, त्यामुळे कोणता घेऊ म्हणून अडलेल्यांसाठी लिहितोय. बटणं किती, अंडं कसं फुटतं हे माहीत असेलच, ते सोडून देतो. ओरिजिनल म्हणजे १९९६ ला जपानमधे आलेला तोच काळापांढरा, बांदाई आता परत काढतंय तो. युनी २०२३ चा, रंगीत, वायफायवाला, मनगटावर बांधता येतो.

युनीत करायला खूप आहे हे मान्यच. कपडे, घर सजवणं, टामाव्हर्स या ऑनलाइन जगात जाऊन दुसऱ्यांच्या तामागोचींना भेटणं, शिवाय अपडेट येतात त्यामुळे लवकर शिळा होत नाही. माझी भाची तर तो सोडतच नाही. मूल लहान असेल आणि मैत्रिणींकडेही युनी असेल तर मी अडवणार नाही.

पण मला खटकलं ते एकच, युनीची स्क्रीन बंद होते. बॅटरी वाचवायला ती बंद करावीच लागते हे कळतं मला, पण मग काम करता करता सहज नजर टाकली तर समोर काळी काच. बटण दाबा, स्क्रीन उजळेपर्यंत थांबा, मग कळणार की हा भुकेला आहे का मजेत आहे. ओरिजिनल कीबोर्डशेजारी पडलेला असतो आणि त्याची स्क्रीन चालूच, छोटंसं मामेची (चांगलं सांभाळलं की पिल्लू मोठं होऊन बनतं ते पात्र) इकडून तिकडे उड्या मारताना दिसतं, कोपऱ्यात शी केली असेल तर तीही दिसते, हात लावायची गरज नाही. आपण बघत नसतानाही तो तिथे आहे असं वाटतं, आणि पाळलेल्या जीवाकडून मला तरी एवढंच हवं असतं. त्यात युनीचं चार्जिंग आलं, गावाला जाताना आणखी एक वायर सांभाळा. ओरिजिनलचा बटणसेल माझ्या अनुभवात महिनोन्महिने चालतो, फक्त सेल बदलला की पिल्लू जातं आणि परत अंड्यापासून सुरुवात, ते मनाशी धरूनच घ्या.

ओरिजिनल घेतलात तर दोनतीन गोष्टी सांगतो. अंडं सुट्टीच्या दिवशी सकाळीच फोडा, घड्याळ लावल्यावर ५ मिनिटात पिल्लू बाहेर येतं आणि पहिला तासभर सारखं काहीतरी मागत असतं, ते बाहेर पडायच्या घाईत जमत नाही. मग ते वाढून मारुची होतं, ते रात्री ८ ला झोपतं, मेनूतला लाईट आठवणीने घालवा. खुश करायला खाऊ देत बसू नका, वजन वाढतं, त्यापेक्षा ते डावीकडे वळेल की उजवीकडे हे ओळखायचा गेम खेळा, वजनही उतरतं. आजारी पडलं की कवटी दिसते, औषध एकदा देऊन ती गेली नाही तर परत द्या. आणि भूक आणि आनंदाची सगळी हार्ट भरलेली असताना हाक मारत असेल, खायलाही नको खेळायलाही नको, तर तेव्हा रागवायचं, जीवावर येतं पण शिस्तीची पट्टी त्यानेच भरते आणि मामेची हवा असेल तर ती लागतेच. दुर्लक्ष झालं तर मामेचीऐवजी ताराकोची वगैरे दुसरं पात्र होतं, मला तेही आवडतं.

मीटिंगला जाताना काय करायचं हा खरा प्रश्न. ओरिजिनलवर ए आणि सी ही बटणं एकत्र दाबून आवाज बंद होतो. वेळच थांबवायची असेल तर बी दाबून घड्याळावर या आणि तिथे ए सी एकत्र दाबा, वेळ लावायची स्क्रीन येते, ती तशीच ठेवली की पिल्लूही थांबतं. परत आल्यावर वेळ नीट लावा नाहीतर झोपेचं गणित बिघडतं. युनीत सोयी जास्त आहेत हे खरं, पण एवढ्याने माझं भागतं.

बाजारात एकात १६८ प्राणीवाले नकली तामागोची स्वस्त मिळतात, ते या दोन्हींच्या जवळपासही येत नाहीत, घेताना खोक्यावर बांदाईचं नाव बघा. आणि ओरिजिनलबरोबर बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन ठेवा, सेलचं झाकण त्याशिवाय उघडत नाही.