वर्षभर वापरलेली वायर्ड ॲक्सेस सिस्टीम: लॉक पक्कं, वायरिंग कच्चं

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतलं दुसऱ्या मजल्यावरचं जिन्याचं दार वीज गेली की खांद्याच्या एका धक्क्याने उघडायला लागलं. कार्ड लावा नाहीतर लावू नका. त्या दाराआड एका लॅबचे रिपोर्ट आणि एका पतसंस्थेची कर्जाची कागदपत्रं आहेत. तेव्हापासून या सिस्टीमबद्दल सविस्तर लिहायचं होतं, आणि आता वर्ष उलटल्यावर बोलण्यासारखं बरंच साठलंय.

सामान नेहमीचंच. चार दारांचा एक कंट्रोलर (कार्ड तपासून दार सोडायचं की नाही ते ठरवणारा बोर्ड), प्रत्येक दाराला २८० किलो पकडीचा ईएम लॉक, म्हणजे वीज असेपर्यंत चुंबकाने दार धरून ठेवणारं कुलूप, बाहेरून कार्ड रीडर, आतून एक्झिट बटण, आणि १२ व्होल्टचा सप्लाय बॉक्स, त्यात ७ अँपिअर-अवरची बॅटरी. इमारत पुण्यातली, पाच मजली, गुरुवारी वीज जाणार हे आम्ही धरूनच चालतो. जनरेटर आहे, पण ठेकेदाराने हा बॉक्स जनरेटरच्या लाइनवर घेतलाच नव्हता.

तक्रार केल्यावर आलेल्या माणसाने दार दोनदा ओढून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, लॉक वीक झालंय. ५४५ किलोचं टाकावं लागेल, चारही दारांना." मल्टीमीटर त्याच्या बॅगेतून बाहेरसुद्धा आला नाही. वर्षाच्या आत लॉक वीक कसं होतं, यावर उत्तर मिळालं की पावसाळ्यात होतं असं. ईएम लॉकमध्ये झिजण्यासारखं काही नसतं. कॉइल आहे, लोखंड आहे आणि समोर एक प्लेट आहे. कॉइलला पुरेसं व्होल्टेज मिळालं आणि प्लेट सपाट चिकटली, तर ते वर्षानुवर्षं धरून ठेवतं. पन्नास रुपयांचीसुद्धा तपासणी न करता हजारोंचं कोटेशन पुढे करणं मला अजिबात पटत नाही, त्यामुळे मी आमच्याच इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

त्याने वीज बंद ठेवून, बॅटरीवर, दोन ठिकाणी मोजलं. बॉक्सजवळ १२.१ व्होल्ट. लॉकच्या टर्मिनलवर ९.७.

अडीच व्होल्ट वाटेत जिरत होते. फॉल्स सीलिंगचं एक पॅनेल काढल्यावर कारण दिसलं: नेटवर्कच्या कामातली उरलेली कॅट-सिक्स केबल लॉकला वापरली होती, त्यातली एकच जोडी. ही तार डेटासाठी उत्तम आहे, पण तिचा रोध किलोमीटरला साधारण ७० ते ८५ ओहम. आमचा बॉक्स लॉकपासून अंदाजे ३५ मीटरवर. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे ७० मीटर धरायचे. पाच-सहा ओहम तिथेच झाले. लॉक अर्धा अँपिअर घेतं. गुणाकार करून बघा, अडीच-तीन व्होल्ट गेलेच. वीज असताना बॉक्स १३.७ व्होल्ट देतो म्हणून लॉकवर कसेबसे ११ पोचत होते आणि कुणाला काही कळत नव्हतं. वीज गेली, बॅटरी उतरत गेली, की लॉक लोळागोळा. आणि व्होल्टेज एक पंचमांश घटलं तर पकड एक पंचमांशच घटते असं नाही, ती त्याहून बरीच जास्त घटते.

आम्ही दीड स्क्वेअर मिलिमीटरची जाड कॉपर वायर टाकली. तीच बॅटरी, तेच लॉक, तेच अंतर. लॉकवर ११.७ व्होल्ट. दार हलेना. खर्च वायर, पाइप आणि अर्ध्या दिवसाची मजुरी एवढाच.

घेताना रीडरचा रंग, ॲपमधले रिपोर्ट, चेहरा ओळखतो का, हे सगळं तासन् तास दाखवलं जातं. लॉकला कोणती वायर, किती स्क्वेअरची, बॉक्स कुठे बसणार, बॅटरीवर चालताना लॉकच्या टर्मिनलवर किती व्होल्ट मिळतील, याबद्दल कोटेशनमध्ये एक ओळ नसते. 'वायरिंग – लमसम' एवढं लिहिलेलं असतं. माझं म्हणणं आहे की संपूर्ण सिस्टीमची सुरक्षा त्या लमसममध्ये आहे. लांबचं दार असेल तर २४ व्होल्टचा सप्लाय मागा. बहुतेक ईएम लॉक आतला जंपर (छोटी जोडपिन) बदलून १२ किंवा २४ वर चालतात. २४ वर करंट निम्मा होतो. आमच्या त्याच बारीक तारेवर १२ व्होल्टला २० टक्के जात होते, २४ ला जेमतेम ६ टक्के गेले असते.

दुसरी गोष्ट प्लेटची. दारावरची आर्मेचर प्लेट मधल्या बोल्टवर, रबरी वॉशरसकट, थोडी हलती ठेवायची असते. म्हणजे दार किंचित वाकडं असलं तरी ती लॉकच्या तोंडावर सपाट बसते. आमच्याकडे बसवणाऱ्याने ती आवळून टाकली होती. पावसात लाकडी दार फुगलं, प्लेट एका कडेनेच टेकू लागली, आणि २८० किलोचा आकडा कागदावर राहिला. बोल्ट सैल केला, तोंडावरचा गंज आणि धूळ कापडाने पुसली. नवीन ५४५ किलोचं लॉक आणलं असतं तर तेही याच वायरवर, अशाच वाकड्या प्लेटला टेकलं असतं.

सुरुवातीला माझं ईएम लॉकबद्दल मत वाईट होतं. वीज गेली की सुटणारं कुलूप सुरक्षेसाठी घ्यायचंच कशाला, असं वाटायचं. वर्षभरात ते बदललं. जिन्याच्या आणि बाहेर पडायच्या दारांना हेच हवं, कारण आगीत माणूस अडकता कामा नये, आणि पकड धड असेल तर बॅटरीवर ते दोन-अडीच तास निभावून नेतं. मात्र रेकॉर्ड रूमला ते नको. तिथे आम्ही आता इलेक्ट्रिक स्ट्राइक लावलाय, म्हणजे चौकटीत बसणारी, विजेने सुटणारी खिटी, वीज गेली तरी बाहेरून बंद राहणारी. आतल्या बाजूला साधं हँडल आहे, ते दाबलं की दार कधीही उघडतं, वीज असो वा नसो. चारही दारांना एकच लॉक सुचवणाऱ्याने दारं बघितलेलीच नसतात, असं माझं आता स्पष्ट मत आहे.

आगीवरून एक. फायर अलार्म वाजला की लॉकचा पॉवर थेट रिलेने (विजेने चालणाऱ्या स्विचने) तुटला पाहिजे. आमच्याकडे पहिल्यांदा तो सिग्नल कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमधून फिरवला होता. कॉम्प्युटर बंद असताना चाचणी घेतली तर दारं सुटली नाहीत. हे मी तिथल्या तिथे बदलून घेतलं. आत हिरवा ब्रेक-ग्लास, म्हणजे आणीबाणीत काच दाबून दार सोडवायचा डबाही हवा, आणि त्यानेही कंट्रोलरला विचारायला न जाता सरळ लॉकची वीज तोडली पाहिजे. एक्झिट बटण हा त्याला पर्याय होत नाही.

कंट्रोलर आत ठेवल्याचं मात्र मला मनापासून समाधान आहे. शेजारच्या इमारतीत स्वस्तात पडतं म्हणून रीडरमध्येच रिले असलेली मशीन बाहेरच्या भिंतीवर लावली आहेत. चार स्क्रू काढले आणि मागच्या वायरी जोडल्या-तोडल्या की दार उघडतं, कार्ड लागत नाही. आमच्याकडे रीडर उपटला तरी हाताला लागतात ते डेटाचे धागे. पण तेही पूर्ण सुरक्षित नाहीत. रीडर ते कंट्रोलर बोलणं विगंड नावाच्या जुन्या पद्धतीवर चालतं, आणि विगंडमध्ये कार्डाचा नंबर उघडा जातो. २६ बिटांपैकी नंबराला १६ बिट, म्हणजे ६५,५३६ नंबर आणि संपलं. वर आमची कार्डं १२५ किलोहर्ट्झची, जी बाजारातला किल्लीवाला उभ्या उभ्या कॉपी करून देतो. "मायफेअर घ्या, मग काळजी नाही" असं सांगणाऱ्यांना विचारा की या मायफेअर कार्डांतलं जुनं मायफेअर क्लासिक का? त्याचं एन्क्रिप्शन २००८ मध्येच नेदरलँड्समधल्या निमेगेनच्या संशोधकांनी फोडून दाखवलंय. घ्यायचंच तर त्यातलंच नवं डेसफायर कार्ड, आणि रीडर ओएसडीपीवाला, म्हणजे विगंडऐवजी वापरायच्या नव्या पद्धतीचा. ओएसडीपी आरएस-४८५ या दोन तारांच्या डेटा लाइनवर चालतं, सिक्युअर चॅनल चालू केला तर एन्क्रिप्टेड असतं, रीडर उपटला तर कंट्रोलरला कळतं, आणि विगंडच्या दीडशे मीटरच्या मर्यादेऐवजी बाराशे मीटरपर्यंत जातं. २०२० पासून ते आंतरराष्ट्रीय मानकही आहे. आमचा कंट्रोलर ओएसडीपी घेतो, त्यामुळे फक्त रीडर आणि कार्डं बदलायची आहेत. सगळी एकदम बदलणार नाही. आधी रेकॉर्ड रूम आणि जिना, बाकी पुढच्या वर्षीच्या बजेटात.

कंट्रोलर मधूनमधून हँग व्हायचा, तेही बंद झालंय. लॉक सुटताना कॉइल उलटा झटका मारते आणि तो रिलेपर्यंत जातो. तो झटका जिरवायला लॉकच्या टर्मिनलवर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसला, एवढंच लागलं. काही लॉकमध्ये संरक्षण आतच असतं, आमच्यात नव्हतं. याच दोषापायी ठेकेदाराने एकदा बोर्ड बदललं होतं आणि दुसऱ्यांदा बदलायला पैसे मागत होता.

आता त्याच ठेकेदाराचं एएमसीचं (वार्षिक देखभालीचं) कोटेशन आलंय. त्यात बॅटरी नाही, वायरिंग नाही, लॉकवरचं व्होल्टेज मोजणं नाही. मी ते परत पाठवलं आणि तीन ओळी घालायला सांगितल्या: दर तिमाहीला वीज बंद करून चारही लॉकवरचं व्होल्टेज मोजून सहीनिशी लिहायचं, फायर अलार्म वाजवून दारं सुटतात का बघायचं, आणि ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन वर्षांनी बदलून द्यायची. उत्तर अजून आलेलं नाही. नाही आलं तर हे काम आमचा इलेक्ट्रिशियन करेल, मीटर त्याच्याकडे आहे.