माणगा बांबूच्या बेटांमध्ये काय लावाल: हळद, शतावरी की सफेद मुसळी?

कुडाळ-सावंतवाडीकडे ज्यांनी ज्यांनी माणगा लावलाय, त्यांना तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात हा प्रश्न पडतोच. काठ्यांचे पैसे अजून हातात नाहीत, दोन ओळींमधली जागा मोकळी दिसते, मग तिथे एखादा औषधी कंद का नको? नर्सरीत विचारलं तर तिन्ही पिकं ‘सावलीत येतात’ असं सांगतात. येतातही. पण बांबूखाली खरी अडचण सावलीची नाही, मुळांची आहे.

बांबूची मुळं तंतूंसारखी, दाट आणि बरीचशी वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. आपले कंदही तिथेच पोसायचे. म्हणून आधी जागा मोजा. ५ बाय ५ मीटरवर एकरात साधारण १६० बेटं बसतात. ओळीच्या दोन्ही अंगांना एकेक मीटर सोडलात की मध्ये ३ मीटरची पट्टी उरते, म्हणजे ४० गुंठ्यांतले २४. बेटं पसरतील तशी तीही आकसते. बेणं आणताना पूर्ण एकराचा हिशेब धरू नका.

हळदीचं वेळापत्रक माणग्याशी चांगलं जुळतं. मेअखेर-जूनला गादीवाफ्यावर लावली की पावसाळ्यात कोंब फुटताना तिथे खणायचं कारण उरत नाही, आणि जानेवारी-फेब्रुवारीत हळद काढायची वेळ येते तोवर कोंबांच्या काठ्या झालेल्या असतात. एकच पथ्य पाळायचं: हळद उभी असताना काठ्या तोडून वाफ्यांवरून ओढायच्या नाहीत, आधी हळद, मग तोड. बांबूचा पातेरा, म्हणजे गळलेली पानं, आच्छादनाला फुकट मिळतो. रानडुकरं हळदीला सहसा तोंड लावत नाहीत, हे आमच्याकडे उत्पन्नाइतकंच महत्त्वाचं. पण पाऊस ऑक्टोबरात संपतो आणि कंद भरायला पुढचे दोन महिने पाणी लागतं. त्यात शेजारी बांबू पीत बसलेला. विहीर किंवा बारमाही वहाळ नसेल तर हळकुंडं बोटाएवढी राहतील. शिवाय शिजवणं, वाळवणं, पॉलिश हे सगळं आलंच. ओल्या हळदीची वाळून पाचवा हिस्सा उरते.

शतावरीला पाण्याची एवढी ओढ नाही, उन्हाळा काढते. वेल बांबूवर चढेल, मांडवाचा खर्च वाचेल, असंही सांगतात. हा सल्ला देणाऱ्याने काटेरी वेल गुंडाळलेल्या बेटातून काठी तोडून बघावी. खरं दुखणं मात्र जमिनीखाली आहे. पीक दीड-दोन वर्षांचं. तेवढ्या काळात शतावरीच्या पांढऱ्या मांसल मुळ्या आणि बांबूची मुळं एकमेकांत अशी विणली जातात की कुदळ मारली की दोन्ही तुटतात. तुटकी मुळी सोलायला दुप्पट वेळ लागतो. साल आणि मधली शीर काढून वाळवल्यावर ओल्या वजनाचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा उरतो, कधी त्याहूनही कमी.

सफेद मुसळी तर आपल्याच मातीतली. तिच्या शास्त्रीय नावातलं ‘बोरिव्हिलिएनम’ हे मुंबईच्या बोरिवलीवरून आलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिच्या कोवळ्या पानांची भाजी काही भागांत फोडशी म्हणून बाजारात येते. पावसावर वाढायचं आणि पाऊस सरताना पानं गाळायची, असा तिचा स्वभाव. म्हणून विहीर नसलेल्याला ती मोहात पाडते. पण आमच्या तीन हजार मिलिमीटर पावसात निचरा थोडा चुकला तरी मुळ्या कुजतात. पानं गळल्यावर मुळ्या महिना-दोन महिने जमिनीतच पक्व होऊ द्याव्या लागतात, आणि तोवर वर बांबूचा पातेरा पडून जागा दिसेनाशी होते. ओळीच्या दोन्ही टोकांना खुंट्या नसतील तर शोधत बसाल. मग बोटासारखी एकेक मुळी हाताने सोलायची. घरात चार सोलणारे हात नसतील तर मजुरीच सगळं खाते.

मुसळीबद्दल आणखी एक. ‘बेणं आमचं, माल आम्हीच परत घेणार’ या बोलीवर महाग बेणं घेऊन हात पोळलेले शेतकरी महाराष्ट्रात कमी नाहीत. खरेदीदार आधी, बेणं नंतर.

सर्पगंधेचं विचारलंत तर नाही म्हणेन. दीड वर्ष थांबायचं, वर विक्रीच्या कागदपत्रांची दगदग.

दिवाळीनंतर पाणी देता येत असेल तर मी डोळे झाकून हळद सांगेन, तीही बांबूच्या चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंतच. नंतर वर बांबूच्या पानांचं छत मिटतं आणि खाली ऊन पोचत नाही. पाणी नाही, पण उताराची, निचऱ्याची जमीन आणि ओळखीचा खरेदीदार आहे, तर दोन गुंठे मुसळी लावून बघा, दोनच. शतावरी हवीच असेल तर बेटांमध्ये नको, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने लावा. तिथे तिचे काटे निदान गुरांना तरी अडवतील.