कार्डियामोबाइल: अ‍ॅब्लेशनची वाट पाहणाऱ्यांनी घ्यावं का?

ब्रिटनमध्ये एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार), पुन्हा पुन्हा होत असेल आणि अ‍ॅब्लेशनच्या (लय बिघडवणारा हृदयातला भाग निकामी करण्याच्या उपचाराच्या) यादीत नाव लागलं असेल, तर पुढचे कित्येक महिने नुसती वाट पाहण्यात जातात. रेफरल झाल्यापासून १८ आठवड्यांच्या आत १०० पैकी ९२ पेशंटचे उपचार सुरू व्हावेत, असं इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेचं उद्दिष्ट आहे. २०१६ च्या सुरुवातीनंतर ते गाठलं गेलेलं नाही. त्यात एएफ मोठा लबाड. रात्री तीन वाजता सुरू होतो, पाच-सहा तास छळतो, आणि अपॉइंटमेंटच्या दिवशी ईसीजी एकदम स्वच्छ येतो. कागदावर काही दिसत नाही, मग फाइल 'रुटीन'च्या गठ्ठ्यात पडून राहते.

अलाइव्हकोर कंपनीचं कार्डियामोबाइल, म्हणजे बोटं टेकवून फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ईसीजी काढणारं यंत्र, नेमकं इथे कामाला येतं. आमचं मत आधीच सांगतो. साधं एका लीडचं (लीड म्हणजे ईसीजीत हृदयाकडे पाहायची एक दिशा) मॉडेल घ्या, अ‍ॅपची वर्गणी भरू नका, आणि यंत्र पुरावा जमवण्यासाठी वापरा. दिवसातून दहा वेळा मनाची खात्री करून घेण्यासाठी ते घेत असाल, तर घेऊ नका.

वस्तू अगदी छोटी आहे, च्युइंग गमच्या पाकिटाएवढी. वर धातूचे दोन पॅड, आत सीआर२०१६ हा नाण्यासारखा सेल. वायर नाही, बटण नाही, चार्जिंग नाही. किंमत साधारण ९९ पौंड. धडधडीसारखी लक्षणं येऊन-जाऊन असतात, एएफचा संशय आहे आणि डॉक्टर अनेक तासांच्या ईसीजीसाठी पाठवणार आहेत, अशा लोकांसाठी एनएचएसला उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये हे यंत्र एक पर्याय म्हणून मान्य केलं. ती शिफारस निदानापुरती आहे. निदान होऊन यादीत असलेल्यांना बहुधा ते स्वतःच्या खिशातूनच घ्यावं लागतं. पण त्या मान्यतेमुळे एक सोय झाली. तुम्ही पाठवलेला आलेख कसला आहे, हे तिथल्या डॉक्टरांना समजावून सांगावं लागत नाही.

यंत्र वाईट नसतं, आलेख वाईट घेतला जातो. 'चालतच नाही' म्हणून परत करणाऱ्यांनी पुढची पद्धत एकदा करून पाहावी. खुर्चीत बसा, टेबलावर दोन्ही कोपरांपासूनचे हात टेकवा. हात हवेत राहिले की स्नायूंची थरथर आलेखात उतरते, आणि ती बारीक थरथर अ‍ॅपला एएफसारखी दिसू शकते. यंत्रावरचं नाव सुलट वाचता येईल असं ते ठेवा. डाव्या हाताची दोन बोटं डाव्या पॅडवर, उजव्या हाताची उजव्या पॅडवर. अदलाबदल झाली तर आलेख उलटा येतो. घाबरू नका, अ‍ॅपमध्ये तो उलटवायची सोय आहे. बोटं कोरडी असतील, विशेषतः हिवाळ्यात हीटिंग चालू असताना, तर पाण्याने किंचित ओलसर करा. हलकेच टेकवा. दाबून धरलं की पुन्हा थरथर आलीच. मग ३० सेकंद बोलायचं नाही, हलायचं नाही.

एका लीडचं मॉडेल फोनशी ब्लूटूथने बोलत नाही. ते कानाला ऐकू न येणारा आवाज काढतं आणि फोनचा माइक तो पकडतो. त्यामुळे फोन फूटभर अंतरात हवा, अ‍ॅपला माइकची परवानगी हवी, आणि माइकवर जाड कव्हर नको. शेजारी टीव्ही मोठ्याने चालू असेल तर बंद करा. आणखी एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही: अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये घरातल्या विजेची फ्रिक्वेन्सी असते. ब्रिटनमध्ये आणि भारतात ती ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. चुकीची ठेवली तर आलेखाची रेघ केसाळ दिसते. लॅपटॉप किंवा फोन चार्जिंगला लावलेला असतानाही तसंच होतं, म्हणून चार्जर काढा.

आता निकालांबद्दल. 'नॉर्मल सायनस रिदम' (नेहमीची लय) आणि 'पॉसिबल एट्रियल फिब्रिलेशन' (एएफची शक्यता) यांचा अर्थ सरळ आहे. लोक घाबरतात ते 'अनक्लासिफाइड'ला. त्याचा अर्थ इतकाच की अ‍ॅपला नाव देता आलं नाही. मध्येच जास्तीचे ठोके पडत असतील, ठोके फार सावकाश असतील किंवा १४० च्या वर गेले असतील, तर असं होतं. म्हणजे जोरातला एएफ असला तरी 'अनक्लासिफाइड' येऊ शकतं. याच्या उलट, लागोपाठ जास्तीचे ठोके पडले तर एएफ नसतानाही 'पॉसिबल' येतं. शब्दापेक्षा आलेख महत्त्वाचा, आणि तो डॉक्टरला दाखवण्यासाठीच आहे. स्वतः पाहायचाच असेल तर उंच टोकांमधली अंतरं पाहा. कागदावर एक मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. एएफमध्ये ही अंतरं कुठल्याही क्रमात बसत नाहीत, आणि प्रत्येक टोकाआधी असणारा छोटा उंचवटा नाहीसा होतो. ठोके मोजायचे तर ३० सेकंदांतली सगळी टोकं मोजून दुप्पट करा. एएफमध्ये दोन-तीन अंतरांवरून काढलेला आकडा हमखास चुकतो.

यंत्राची खरी मर्यादा फ्लटर, हा एएफसारखाच दुसरा लय-विकार, ही आहे. एएफ असलेल्यांपैकी अनेकांना अधूनमधून फ्लटरही होतो. त्यात हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला ३०० च्या आसपास चालतात आणि दोनांपैकी एकच ठोका खाली पोचला तर नाडी १५० वर, अगदी नियमित. चारांपैकी एक पोचला तर ७५, तोही नियमित, आणि मग अ‍ॅप खुशाल 'नॉर्मल' म्हणू शकतं. बसल्या जागी नाडी तासन् तास १५० च्या जवळ एकाच आकड्यावर अडकली असेल, तर अ‍ॅप काय म्हणतंय ते सोडून द्या आणि डॉक्टरांना कळवा. ज्यांच्या हॉस्पिटलच्या पत्रात फ्लटरचा उल्लेख आहे, त्यांनी मात्र सहा लीडचं मॉडेल घ्यावं. त्याच्या खालच्या बाजूला तिसरा पॅड असतो, तो डाव्या उघड्या गुडघ्यावर किंवा घोट्यावर टेकवायचा. फ्लटरच्या करवतीच्या दातांसारख्या लाटा दुसऱ्या, तिसऱ्या लीडमध्ये जास्त स्पष्ट दिसतात. ते ब्लूटूथवर चालतं. बाकीच्यांना जास्तीच्या पैशांचा तसा उपयोग नाही.

हार्ट अटॅक हे यंत्र ओळखत नाही. छातीत दुखतंय, चक्कर येऊन पडलात, बसल्या जागी दम लागतोय, किंवा चेहरा, हात, बोलणं यांपैकी काही बिघडलं, तर आलेख घेत बसू नका, ९९९ लावा.

पुराव्याचं काम कसं करायचं? प्रत्येक एपिसोडचे तीन आलेख पुरतात: सुरू झाल्यावर लगेच एक, मध्ये कधीतरी एक, आणि थांबल्यावर एक. तिसरा बहुतेक जण विसरतात, आणि तो नसेल तर एपिसोड किती वेळ चालला हे सिद्ध होत नाही. आलेख घेतल्यावर अ‍ॅपमध्येच टीप लिहा: काय करत होता, काय वाटलं, कुठली गोळी कधी घेतली. मग लगेच पीडीएफ काढून स्वतःच्या मेलवर पाठवा आणि एका फोल्डरमध्ये ठेवा. हे केलं की वर्गणीची गरज उरत नाही. वर्गणीत महिन्याचा गोषवारा आणि जास्तीच्या ठोक्यांची नावं वगैरे मिळतात, पण यादीत पुढे सरकायला त्यांचा उपयोग होत नाही.

चाळीस पीडीएफ पाठवले तर कुणीही उघडत नाही. दोन-तीन उत्तम आलेख निवडा आणि वर पाच ओळी लिहा, उदाहरणार्थ: मागच्या क्लिनिकनंतर ११ एपिसोड, सर्वांत मोठा १९ तासांचा, ठोके १३० ते १५५, दोनदा ए अँड ई (इमर्जन्सी विभाग), आणि बिसोप्रोलोल (ठोके सावकाश करणारी गोळी) वाढवल्यावर एरवीची नाडी ४६. शेवटचा आकडा फार बोलका असतो. गोळीने एपिसोड आवरत नाही आणि मधल्या वेळात हृदय फार सावकाश चालतंय, म्हणजे औषध वाढवायला जागा नाही, हे डॉक्टर त्या एका ओळीत ओळखतात. हे पत्र कन्सल्टंटच्या सेक्रेटरीला पाठवा. नंबर हॉस्पिटलच्या पत्रावर वरच्या कोपऱ्यात असतो. अ‍ॅरिदमिया नर्स (ठोक्यांच्या विकारांची नर्स) असेल तर तिला प्रत द्या. तेच जीपीला (फॅमिली डॉक्टरला) देऊन 'एक्स्पेडाइट लेटर', म्हणजे तारीख लवकर द्या अशी विनंती करणारं पत्र, मागा. 'फार त्रास होतोय' एवढ्यावर जीपी ते सहसा लिहीत नाहीत, रेफरलनंतर काय बदललं हे दाखवलं तर लिहितात. त्याच नंबरवर फोन करून सेक्रेटरीला सांगून ठेवा की कुणाची तारीख रद्द झाली तर तुम्ही आयत्या वेळी येऊ शकता. इंग्लंडमध्ये १८ आठवडे उलटून गेले असतील तर दुसऱ्या हॉस्पिटलची मागणी करता येते. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये नियम वेगळे आहेत. फोन नंबर बदलला असेल तर आधी तो कळवा. एका चुकलेल्या अपॉइंटमेंटमुळे नाव परत जीपीकडे जाऊ शकतं.

आलेखावरची वेळ आणखी एका कारणाने मोलाची आहे. ए अँड ईमध्ये पहिला प्रश्न असतो, 'कधी सुरू झालं?' ४८ तासांच्या आतलं आहे हे नक्की असेल तर शॉक किंवा औषध देऊन लय परत आणण्याचा विचार लगेच होऊ शकतो. नक्की नसेल तर आधी किमान तीन आठवडे रक्त पातळ करणारं औषध अखंड घेतलेलं असावं लागतं, आणि नंतरही चार आठवडे. आलेखावर छापलेली वेळ स्मरणशक्तीपेक्षा भरवशाची.

म्हणून यंत्राइतकीच गोळ्यांची नोंद ठेवा. वाट पाहण्याच्या काळातला सगळ्यात मोठा धोका धडधडीचा नाही, स्ट्रोकचा आहे, आणि तो अडवते ती ही रक्त पातळ करणारी गोळी. एपिसोड नाही म्हणून ती सोडायची नसते. अ‍ॅपिक्साबॅन दिवसातून दोनदा असते. डोस राहिला आणि सहा तासांच्या आत आठवलं तर घ्या, त्यापेक्षा उशीर झाला तर सोडून पुढचा वेळेवर घ्या. दोन एकदम कधीच नाहीत. रिव्हारोक्साबॅनच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या पोटभर खाण्यासोबतच घ्यायच्या, नाहीतर औषध पुरेसं अंगी लागत नाही. संकष्टी किंवा एकादशी करणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं: नुसत्या चहावर ती गोळी नको, साबुदाण्याच्या खिचडीसोबत घ्या. निर्जळी उपास तर या काळात करूच नका. अंगातलं पाणी कमी होणं हे एपिसोडला आमंत्रण असतं. वॉरफरिन असेल तर पालेभाजी बंद करू नका, रोज साधारण तेवढीच खा, म्हणजे आयएनआर (रक्त किती पातळ आहे याचा आकडा) हेलकावे खात नाही.

काहींना फ्लेकेनाइड, म्हणजे लय परत आणणारं औषध, 'खिशातली गोळी' म्हणून मिळते, एपिसोड आला की घ्यायची. तिथे हे यंत्र छान जमतं: आधी आलेख, मग गोळी, मग लय परतल्यावर पुन्हा आलेख. पण ही गोळी डॉक्टरने तुमचं हृदय तपासून दिलेली असली तरच. हृदयाला दुसरा आजार असेल, रक्तदाब वरचा १०० च्या खाली असेल किंवा एरवीची नाडी ७० च्या खाली असेल, तर नाइसच्या निकषांत ती बसत नाही. दुसऱ्या पेशंटकडून उसनी तर अजिबात नको.

स्मार्ट वॉच आहे, मग हे कशाला? अ‍ॅपल वॉचचा ईसीजीही ३० सेकंदांचा, एका लीडचा असतो, आणि चांगला असतो. ते आधीच असेल तर कार्डिया घेऊ नका. त्यात 'एएफ हिस्टरी' चालू केली की आठवड्यातला किती टक्के वेळ एएफमध्ये गेला याचा अंदाज मिळतो. कार्डिया हे देऊ शकत नाही, कारण बोट ठेवलं तेवढाच वेळ ते पाहतं. मात्र ती सोय चालू केली की अनियमित ठोक्यांची सूचना बंद होते. नुसत्या हिरव्या दिव्यावर नाडी मोजणाऱ्या स्वस्त पट्ट्यांचा आकडा पत्रात लिहू नका, एएफमध्ये तो भलतंच सांगतो. रक्तदाबाचं यंत्रही अनियमित ठोक्यांत गोंधळतं. एपिसोडमध्ये मोजायचाच असेल तर तीनदा मोजून सरासरी लिहा.

शेवटचा भाग मनाचा, आणि तो हलका नाही. हातात यंत्र आलं की तपासण्याची सवय लागते. आलेख स्वच्छ आला की दहा मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा शंका, पुन्हा आलेख; आणि काळजीने वाढलेले ठोके हेच नवं लक्षण वाटू लागतं. आमचा नियम असा: लक्षण आलं तर घ्या, नाही तर नाही. झोपायच्या खोलीत यंत्र ठेवू नका. घरच्यांनीही 'घे ना एकदा' म्हणून मागे लागू नये. आठवडाभर रोज दहा-दहा आलेख निघत असतील तर यंत्र कपाटात टाका आणि नर्सला ते सांगा, त्यासाठीही मदत मिळते. एएफ असोसिएशन आणि ब्रिटिश हार्ट फाउंडेशनच्या फोन लाइनवर नेमक्या याच प्रश्नांवर बोलता येतं.

पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं शॉकचं यंत्र असेल तर कार्डिया घेऊ नका, कंपनीच तसं सांगते. हात सतत कापत असतील तरी पैसे वाया जातील. बाकीच्यांनी घेताना सीआर२०१६ चा एक जास्तीचा सेल सोबत घ्या. सीआर२०३२ जाड असतो, तो बसत नाही. भारतात जाणार असाल तर तो जास्तीचा सेलही बॅगेत टाका, आणि कन्सल्टंटचं शेवटचं पत्र व आलेखांचा फोल्डर फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. गावी रेंज नसताना रात्री एपिसोड आला, तर तिथल्या डॉक्टरला दाखवायला तेवढंच लागतं.