जुन्नरची शैक्षणिक सहल: ठिकाणांना पाच स्टार, टूरवाल्यांना दोन (तेही पोह्यांसाठी)

मुलगा सहावीत आहे. शाळेने जानेवारीत जुन्नरला एक दिवसाची शैक्षणिक सहल काढली, माणशी 1250 रुपये, चहा नाश्ता जेवण सगळं धरून. मुलांबरोबर दोन पालक हवे होते म्हणून मी नाव दिलं, खरं सांगायचं तर ऑफिसला दांडी मारायला कारणच पाहिजे होतं. टूरवाल्यांचं नाव लिहीत नाही, शाळेचंही नाही. अशा सहली काढून देणारे आता गल्लोगल्ली झालेत आणि सगळ्यांचा कागद एकमेकांची झेरॉक्स असतो, त्यामुळे तुमच्याकडे कागद आला की वाचताना काय बघायचं एवढं कळलं तरी पुरे.

तर कागदावर होतं: जीएमआरटी (खोडदची रेडिओ दुर्बीण), शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट. चारही एका दिवसात, चिंचवडवरून निघून चिंचवडला परत! ज्याने हा कागद बनवला तो जुन्नरला कधी गेला नसणार असं माझं ठाम मत आहे, कारण नुसतं जुन्नर ते नाणेघाट जायलाच बसला तासाभराच्या वर लागतो आणि तेवढंच परत.

सकाळी सव्वासहाला दोन बस निघाल्या, मंचर यायच्या आत तीन जणांच्या उलट्या झाल्या, पिशव्या मात्र टूरवाल्यांनी भरपूर आणल्या होत्या, ते मानलं. नाश्त्याचे पोहे गरम होते. नारायणगावात बस थांबली तेव्हा आमच्या ड्रायव्हर काकांनी मुलांना सांगितलं की हे गाव म्हणजे तमाशाची पंढरी, गुढीपाडव्याच्या आसपास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. कार्यक्रमात नसलेली ही माहिती फुकट मिळाली.

मग खोडदचं जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. मी पुण्यात इतकी वर्षं काढली, हायवेवरून शंभरदा गेले असेन, पण आत कधी गेले नव्हते. गेटवरच सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावतात, कारण त्यांना जे आकाशातून ऐकायचंय ते इतकं बारीक असतं की आपल्या फोनचा सिग्नल म्हणजे त्यांच्या कानाशी ढोल बडवल्यासारखं. (शिक्षकांनाही फोन बंद करावा लागला, मुलांना याचा आनंद सगळ्यात जास्त.) एकेक डिश 45 मीटर व्यासाची, अशा 30. त्यातल्या 14 साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये दाटीने आणि बाकीच्या 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाजूंना लांबपर्यंत शेतांमध्ये पसरलेल्या, आणि सगळ्यांचं मिळून जे येतं ते कॉम्प्युटरवर एकत्र केलं की जणू 25 किलोमीटरची एकच डिश असल्यासारखं काम होतं.

मुलांचा पहिला प्रश्न, डोळा कुठे लावायचा? दुसरा प्रश्न माझ्याच लेकाचा, ही डिश तर जाळीची आहे, भोकं आहेत, मग सगळं खाली सांडत नाही का? मला वाटलं आता हशा होणार, पण तिथे माहिती सांगणारे सर एकदम खूश झाले. म्हणाले, घरी मायक्रोवेव्ह आहे का, त्याच्या दाराला जाळी असते ना, आतला उजेड दिसतो पण लहरी बाहेर येत नाहीत, कारण लहर भोकापेक्षा खूप मोठी असते. इथेही तसंच. गव्हाची चाळणी घेतली तर बोरं खाली पडतील का? आणि जाळी असल्यामुळे वारा आरपार जातो, डिश हलकी राहते, म्हणून एवढी मोठी करता आली आणि खर्चही आवाक्यात राहिला. ही कल्पना खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची आणि त्यांच्या टीमची, ते 2020 मध्ये गेले. आमच्या वेळी नववीत तरंगलांबी की काय ते पाठ केलं होतं, परीक्षेत मार्कही पडले होते, कळलं मात्र त्या दिवशी, बोरांमुळे.

त्यानंतर बसमध्ये भांडण. टूरवाला म्हणे आता शिवनेरी करू, वेळ उरला तर नाणेघाट. इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या आधी नाणेघाट, मी मुलांकडून तयारी करून घेतलीय, नाहीतर मी बसमधून उतरणार नाही. शेवटी मॅडम जिंकल्या. जुन्नरला जेवलो (भाजी तिखट, गुलाबजाम मोजून एक) आणि निघालो, दूरवरच्या डोंगराकडे बोट दाखवून टूरवाल्याने माईकवर सांगितलं "ते बघा लेण्याद्री", निम्मी मुलं दुसऱ्याच खिडकीतून बघत होती. झालं लेण्याद्री. यादीत टिक.

नाणेघाटात मॅडमची तयारी कळली. त्यांनी प्रत्येकाला अर्ध्या पानाचा एक कागद दिला होता, त्यावर ब्राह्मी, म्हणजे त्या काळच्या लिपीतले, अंक, आणि काम एकच, गुहेतल्या भिंतीवर हे अंक शोधा. बस्स. भिंतीला हात लावायचा नाही, जो लावेल तो बसमध्ये. ही गुहा सातवाहनांची, सुमारे 2000 वर्षांपूर्वीची, कोकणातल्या बंदरांवरून माल याच घाटाने वर जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा. भिंतींवर जो लेख कोरलाय त्यात नागनिका राणीच्या घरच्या यज्ञांचा आणि दक्षिणेचा हिशोब आहे, गाई किती, घोडे किती, कार्षापण म्हणजे नाणी किती. आणि ते आकडे अक्षरात नाही, अंकात आहेत! शून्य नाही, दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी. एरवी अशा ठिकाणी मुलं पाच मिनिटांत "मॅडम चला ना" सुरू करतात, इथे पन्नास मुलं भिंतीला नाक लावायचं बाकी ठेवून बघत होती, "सापडला, सापडला" ओरडत होती. एका मुलीने विचारलं, शून्य नाही मग हे लोक बेरीज कशी करायचे? मॅडम म्हणाल्या घरी जाऊन तूच करून बघ.

मागच्या भिंतीवर राजा-राणीचे पुतळे होते म्हणे, आता फक्त पायांच्या खुणा राहिल्यात आणि वर नावं, सिमुक, नागनिका, सातकर्णी. मुलांना हे फारच आवडलं, पाय कोणाचे ते ओळखायचा खेळ झाला. वर घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी यात टाकायचे असं सांगतात, आमच्या मुलांनी त्यात वाकून ती आहेत का बघितलं. वारा भन्नाट, कड्याजवळ मुलांना सांभाळणं हे मोठंच काम, दोन पालक अजिबात पुरत नाहीत, चार तरी हवेत. टॉयलेट जुन्नरमध्येच उरकून घ्या.

आता तक्रार. शिवनेरीला पोचेपर्यंत सव्वापाच. टूरवाल्याने सांगितलं 40 मिनिटं. त्यातली दहा गेली पायथ्याला कंपनीचा बॅनर धरून ग्रुप फोटो काढण्यात, एकदा बॅनर उलटा धरला म्हणून परत काढला. सात दरवाजे आहेत गडाला, आम्ही शिवाई देवीपर्यंत पोचलो आणि खालून शिट्टी. म्हणजे चिंचवडची मुलं शिवनेरीला जाऊन महाराजांचा जन्म जिथे झाला ती इमारत न बघता खाली उतरली, पाण्याची टाकी नाही, अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार नाही, काही नाही. मी उतरताना त्या माणसाला विचारलं, लेण्याद्री कागदावर लिहिलंच कशाला होतं? म्हणाला, मॅडम, चार नावं असली की पालक पैसे भरतात. बरोबरच आहे त्याचं, मी पण तेच बघून भरले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात "माझी सहल" निबंध. लेकाने शिवनेरीवर दोन ओळी लिहिल्या आणि उरलेलं पान पायांवर.

तर जीएमआरटीला 5, नाणेघाटाला 5, शिवनेरीचे स्टार देत नाही कारण बघितलाच नाही. शाळेच्या मीटिंगमध्ये मी सांगितलंय पुढच्या वेळी दोनच ठिकाणं ठेवा आणि मॅडमसारखा एक कागद द्या, बघू. ज्यांना शाळेबरोबर जमत नाही त्यांनी 28 फेब्रुवारीच्या सुमाराला, विज्ञान दिनाला, खोडदचं बघा, तेव्हा तिथे शाळांच्या प्रयोगांचं प्रदर्शन भरतं आणि सगळ्यांना जाता येतं, आधी चौकशी करून जा.

आणि हो, आमच्याकडे या महिन्यात दुधाच्या हिशोबाचा घोळ झालाय. कॅलेंडरवर लेक रोज ब्राह्मीत लिहितोय, एक लिटर म्हणजे एक आडवी रेघ, दोन लिटर म्हणजे दोन आडव्या. आमच्याकडे रेघ म्हणजे त्या दिवशी दूध आलं नाही. दूधवाल्या दादांना मी अकरा दिवसांचे पैसे कापून दिले, ते अजून माझ्याकडे संशयाने बघतात.