फौजेतल्या सिस्टरनं रुग्णसुरक्षेचा कोणता कोर्स करावा?

गेल्या महिन्यात कोरेगावची एक कॅप्टन सुट्टीवर आली होती. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये आहे, शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांची नोकरी, सुटायला अजून दोन-अडीच वर्षं. माझ्या साताऱ्याच्या घरी आली ती मोबाइलमध्ये पाच-सहा कोर्सची माहितीपत्रकं घेऊनच. "मॅडम, यातला एक सांगा. सगळ्यांवर क्वालिटी आणि पेशंट सेफ्टी लिहिलंय. एक फुकट आहे, दुसऱ्याला हजारो रुपये लागतात. फरक काय ते कळतच नाही."

मी स्वतः तिच्यासारखीच वर्दीत होते. सुटल्यावर आता इथल्या एका रुग्णालयात क्वालिटीचं काम बघते. सातारा-सांगलीतल्या कितीतरी मुली या सेवेत आहेत, त्यामुळे तिला दोन संध्याकाळी बसून जे सांगितलं ते इथं लिहून ठेवतेय.

कोर्सकडे मी कोणत्या नजरेनं बघते ते आधी सांगते. मी लेफ्टनंट असताना, एका रुग्णालयात, नाइटला एका सिस्टरनं अँटिबायोटिक विरघळवायला ड्रॉवरमधून दहा एमएलची अँपूल काढली. तिला हवं होतं स्टराइल वॉटर. हातात आलं होतं पोटॅशियम क्लोराइड, पंधरा टक्क्यांचं. दोन्ही पारदर्शक, दोन्ही दहा एमएल, एकाच खणात शेजारी-शेजारी. त्या एका अँपूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. ते पातळ न करता सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबतं. सिरिंज भरून झाली होती. शेजारी उभ्या असलेल्या नर्सिंग असिस्टंटला अँपूलवरची अक्षरं वेगळी दिसली. तो हवालदार, ती अधिकारी. तो दोन क्षण घुटमळला आणि मग म्हणाला, "मॅडम, एक बार देख लीजिए." पेशंट वाचला. दुसऱ्या दिवशी चौकशीत एकच प्रश्न विचारला गेला: चूक कुणाची? त्या दोन अँपूल एका खणात का होत्या, हे कुणी विचारलं नाही. हवालदार का घुटमळला, हेही नाही. सिस्टरला समज मिळाली आणि खण जसा होता तसाच राहिला.

म्हणून कोर्स बघताना माझे प्रश्न दोनच असतात. हा कोर्स मला खण बदलायला शिकवेल का? आणि त्या हवालदाराचं घुटमळणं कमी करायला शिकवेल का? प्रमाणपत्राचं वजन मी त्यानंतर बघते. नोकरी शोधताना मात्र तेही लागतं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

घरबसल्या ऑनलाइन

यात तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा कोर्सेरावरचा पेशंट सेफ्टीचा संच सात कोर्सचा आहे. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंटची, म्हणजे आयएचआयची ओपन स्कूल छोट्या-छोट्या पाठांत शिकवते. तिसरं टीमस्टेप्स, म्हणजे रुग्णालयातल्या टीमनं एकमेकांशी कसं बोलायचं आणि काम कसं करायचं याचं प्रशिक्षण.

आयएचआयचं बलस्थान म्हणजे सुधारणेची पद्धत. बदल ठरवा, एका बेडवर किंवा एका शिफ्टला करून बघा, काय झालं ते मोजा, मग पुढं न्या किंवा सोडून द्या. पीडीएसए म्हणतात त्याला. वाचायला सोपं आहे, पण आपल्याला सवय असते आदेश काढून सगळ्या वॉर्डांत एकदम लागू करायची. ही पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि मला विचाराल तर एवढ्यासाठीसुद्धा हा कोर्स करावा. जॉन्स हॉपकिन्सचा अधिक विस्तृत आहे. एखादी घटना घडल्यावर माणसापाशी न थांबता व्यवस्थेत मागं-मागं कसं जायचं, हे तो नीट समजावतो.

टीमस्टेप्सवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण फौजेतल्या नर्सला याच्याइतकं जवळचं दुसरं काही नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं आणि तिथल्या आरोग्य संशोधन संस्थेनं मिळून ते बनवलं आणि २००६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. २०२३ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. साहित्य फुकट आहे. मुळात ते लष्करी रुग्णालयांचा विचार करून बनलंय, म्हणजे हुद्द्यांची उतरंड असलेल्या जागेसाठी. त्यात बोलण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली: मला काळजी वाटतेय. दुसरी: मला हे बरोबर वाटत नाहीये. तिसरी: यात पेशंटच्या जिवाला धोका आहे, थांबा. एकदा सांगून ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगायचं, तरीही नाही ऐकलं तर वरच्याला सांगायचं, आणि याला बेशिस्त म्हणायचं नाही असं सगळ्या टीमनं आधीच ठरवून ठेवायचं. हे आधी ठरवून ठेवणंच महत्त्वाचं आहे. त्या रात्री आमच्या वॉर्डात हे ठरलेलं असतं तर तो हवालदार दोन क्षणसुद्धा थांबला नसता.

चार्ज देता-घेतानाची एसबीएआर पद्धतही यात आहे: आत्ता काय चाललंय, आधी काय झालं, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. ही अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयात आली. फौजेतल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही, आठवण करून दिली की पुरते.

या तिन्हींची उणीव सरळ आहे. उदाहरणं अमेरिकेतली असतात आणि भाषा इंग्रजी. शिवाय टीमस्टेप्स एकटीनं करून उपयोग नाही, शिफ्टमधल्या सगळ्यांनी करायला हवं. साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या रुग्णालयाच्या मुलाखतीत या नावांनी फारसं कुणी प्रभावित होणार नाही. पण पोस्टिंग कुठंही असली तरी हे करता येतं, आणि ज्यांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते त्यांना ही सोय मोठी आहे.

एनएबीएच

क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्राखाली २००५ मध्ये सुरू झालेलं हे मंडळ रुग्णालयांना मानांकन देतं. त्यांच्या मानकांची सहावी आवृत्ती २०२५ मध्ये आली. मानकं रुग्णालयात कशी राबवायची याचं काही दिवसांचं प्रशिक्षण मंडळ घेतं.

सुटून आल्यावर आपल्या भागात काम करायचं असेल तर माझं मत एनएबीएचच्या बाजूनं आहे. कारण पोटापाण्याचं आहे. या जिल्ह्यात माजी सैनिकांची घरं गावोगाव आहेत. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण परत आले नाहीत, एवढी जुनी ती परंपरा. हे लोक आणि त्यांच्या घरचे ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड घेऊन खासगी रुग्णालयात येतात. त्या योजनेतले दर सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या दरांवर ठरतात, आणि एनएबीएच नसलेल्या रुग्णालयाला त्याच उपचारांचे पैसे कमी मिळतात. त्यामुळे पन्नास-साठ खाटांच्या रुग्णालयाचे डॉक्टरही मानांकनाच्या मागे असतात. ते काम उभं करणारी माणसं मिळत नाहीत, आणि फौजेत नोंदी ठेवायची शिस्त लागलेली सिस्टर त्यांना हवीच असते.

शिकायला काय मिळतं? रुग्णसुरक्षा आणि गुणवत्ता सुधारणेचं स्वतंत्र प्रकरण आहे. हाय रिस्क औषधं वेगळी ठेवणं, दिसायला किंवा ऐकायला सारखी असलेली औषधं ओळखणं, पडणं, बेडसोर, संसर्ग मोजणं. मोजण्याचं एक उदाहरण देते, कारण इथंच बहुतेक जणी अडतात. समजा वॉर्डात महिन्यात दोन पेशंट पडले. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्या महिन्यात रोज किती पेशंट होते त्याची बेरीज करा, समजा ८०० आली. दोनाला ८०० ने भागून हजारानं गुणा: दर हजार पेशंट-दिवसांमागं अडीच. आता हा आकडा मागच्या महिन्याशी आणि शेजारच्या वॉर्डाशी ताडून बघता येतो.

खटकणारी बाब अशी की कागद फार. तपासणीच्या आधी पंधरा दिवस रात्र-रात्र जागून रजिस्टरं भरणारे लोक मी पाहिलेत. अशा ठिकाणी सिस्टर पेशंटपाशी कमी आणि फाइलपाशी जास्त असते. कोर्सचा यात दोष नाही, पण तुम्हाला त्यात ओढलं जाईल, तयारी ठेवा.

एनक्यूएएस

सरकारी रुग्णालयांची राष्ट्रीय गुणवत्ता मानकं, २०१३ पासूनची. दिल्लीची एनएचएसआरसी ही केंद्राच्या आरोग्य खात्याची संस्था ती सांभाळते. आठ विभाग, प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. तपासणारा चार मार्गांनी खातरजमा करतो: डोळ्यांनी बघतो, कर्मचाऱ्याला विचारतो, नोंदी बघतो, पेशंटला विचारतो. ही चौकट मला मनापासून आवडते. रजिस्टर कितीही देखणं असलं तरी पेशंटला विचारल्यावर खरं बाहेर येतं.

अडचण प्रवेशाची आहे. परीक्षक होण्याच्या प्रशिक्षणाला बहुतेकदा आरोग्य विभागाकडून नाव जावं लागतं. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय किंवा सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय अशा ठिकाणी सरकारी सेवेत यायचा विचार असेल तर हा रस्ता बरोबर. नाहीतर नुसत्या चेकलिस्ट उतरवून घ्या. त्या मोफत मिळतात आणि आपल्या वॉर्डाला घरचा आहेर द्यायला उत्तम आहेत. आमच्याकडं मी लेबर रूमची चेकलिस्ट लावून बघितली होती. डोळ्यांत पाणी आलं, पण काम कुठून सुरू करायचं ते कळलं.

सीपीएचक्यू

आरोग्यसेवेतल्या गुणवत्तेच्या कामाचं प्रमाणपत्र देणारी, अमेरिकेच्या एनएएचक्यू या संघटनेची परीक्षा. तीन तास, १४० प्रश्न, त्यातल्या १२५ प्रश्नांचे गुण धरतात. उत्तीर्ण झाल्यावर दर दोन वर्षांनी ३० तासांचं शिक्षण दाखवून नूतनीकरण करावं लागतं. आखातात किंवा मोठ्या शहरातल्या कॉर्पोरेट रुग्णालयात जायचं असेल तर जरूर द्या, तिथं हे नाव ओळखतात. कराड, मिरज, साताऱ्यात राहणार असाल तर पैसे वाचवा. ही परीक्षा तुम्हाला येत असलेलं तपासते, शिकवत नाही.

वर्षभराचा डिप्लोमा

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं एनएचएसआरसीच्या सोबतीनं चालवलेला हेल्थकेअर क्वालिटीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, आणि अकॅडमी ऑफ हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनचा दूरशिक्षणाचा आहे. मॅनेजर किंवा प्रशासक व्हायचं ठरलं असेल तर यांच्याइतकं पक्कं दुसरं काही नाही. सेवेत असताना मात्र वर्ष पुरं होणं हे पोस्टिंगच्या हातात. फॉर्म भरण्याआधी संपर्कवर्गाच्या तारखा आणि परीक्षेची जागा विचारा, आणि युनिटकडून परवानगी लेखी घ्या. अर्ध्यावर सुटलेला डिप्लोमा मनाला फार लागतो.

कुठलाही कोर्स असो, सेवेत असणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षानं पाळावी. या कोर्समध्ये प्रोजेक्ट लिहायचे असतात. आपल्या लष्करी रुग्णालयातली माहिती, खाटांची संख्या, युनिटचं नाव, जवानांचे आजार हे काहीही परदेशी संकेतस्थळावर टाकू नका. काल्पनिक वॉर्ड घेऊन प्रोजेक्ट लिहा आणि शिकलेलं खरं काम वॉर्डातच करा.

दुसरं पैशाशी आणि नोंदणीशी निगडित. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि त्याला सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या नर्सिंग शिक्षणाचे तास लागतात. परदेशी ऑनलाइन कोर्सचे तास त्यात धरले जातीलच असं गृहीत धरू नका. आपल्या कौन्सिलनं मान्य केलेल्या सत्रांचे तास वेगळे गोळा करत राहा, नाहीतर सुटून आल्यावर नोकरी समोर असते आणि नोंदणी अडकलेली.

कोरेगावच्या कॅप्टनचं शेवटी असं ठरलं: यंदा टीमस्टेप्स आणि आयएचआय, तेही मेट्रनशी बोलून, जमल्यास शिफ्टमधल्या नर्सिंग असिस्टंटना बरोबर घेऊन. सुटायच्या आधीच्या सहा महिन्यांत एनएबीएच. डिप्लोमा साताऱ्यात स्थिरावल्यावर. सीपीएचक्यू नाही. तिच्या आईला दुबईचं पटत नव्हतंच.

जाताना ती म्हणाली, "मॅडम, मग परत गेल्यावर पहिलं काय करू?" मी म्हटलं, वॉर्डातला इंजेक्शनचा खण उघड आणि पोटॅशियम कुठं ठेवलंय ते बघ. परवा तिचा मेसेज आला. सेफ्ट्रियाक्झोन या अँटिबायोटिकच्या शेजारीच होतं. आता वेगळ्या डब्यात आहे, लाल पट्टी लावून, आणि पट्टी लावायची कल्पना एका नाईकनं दिली.