फिकट खोली आणि गडद खोली: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या घरातल्या दोन खोल्या जवळपास सारख्या मापाच्या आहेत, दोन्हींना एकेकच खिडकी आहे आणि त्या खिडक्या एकाच दिशेला उघडतात. रंगकाम काढले तेव्हा एका खोलीला किंचित पिवळसर झाक असलेला फिकट पांढरा रंग दिला आणि दुसरीच्या चारही भिंती गडद निळ्या केल्या. छत मात्र दोन्हीकडे पांढरेच ठेवले. दोन्ही रंग मॅट इमल्शन प्रकारातले, म्हणजे पाण्यात मिसळणारे आणि चमक नसलेले होते. या गोष्टीला आता नऊ महिने झाले आहेत.

फिकट रंगाने खोली मोठी दिसते आणि गडद रंगाने ती लहान होते, हे रंग निवडताना जो तो सांगत होता. दिवसापुरते ते खरे आहे. रात्री एकच दिवा लावून बसले की निळ्या खोलीचे कोपरे अंधारात विरून जातात, भिंत नेमकी कुठे आहे हे डोळ्यांना ठरवता येत नाही, आणि त्यामुळे खोली लहान वाटण्याऐवजी तिचा अंदाजच लागेनासा होतो. मला स्वतःला हे फार आवडते. घरातल्या इतरांना तितकेसे आवडत नाही.

उजेडाचा फरक मात्र मी गृहीत धरला होता त्याहून बराच मोठा निघाला. रंगाच्या प्रत्येक शेडला प्रकाश परावर्तनाचा एक आकडा असतो, त्याला एलआरव्ही म्हणतात. शून्य म्हणजे सगळा प्रकाश शोषणारा काळा आणि १०० म्हणजे सगळा परत पाठवणारा पांढरा. आमच्या फिकट शेडचा आकडा ८० च्या आसपास आहे आणि निळ्याचा ८ च्या आसपास. याचा अर्थ फिकट खोलीत भिंतीवर पडलेल्या १०० भाग उजेडापैकी ८० भाग परत फिरतात, ते समोरच्या भिंतीवर आपटून ६४ उरतात, पुन्हा आपटून ५१ उरतात, आणि अशा येरझाऱ्यांतून तो उजेड खोलीभर पसरतो. निळ्या खोलीत पहिल्याच धडकेला ८ भाग उरतात आणि दुसऱ्या धडकेनंतर एक भागही उरत नाही. म्हणून तिथे दिव्यासमोरची जागा उजळते आणि बाकीची खोली अंधारीच राहते. एकाच मोठ्या दिव्याऐवजी तीन लहान दिवे वेगवेगळ्या जागी लावल्यावरच ती खोली रात्री वाचण्याच्या कामाची झाली.

दिव्याच्या प्रकाशाचा रंगही इथे जपून निवडावा लागतो. प्रकाशाची ही छटा केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका उजेड पिवळसर. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली आमचा निळा काहीसा मवाळ आणि काळपट होतो, तर ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली तोच रंग इतका थंड दिसतो की दुसऱ्या दिवशी तो दिवा काढून टाकला. फिकट भिंतही दिव्याप्रमाणे बदलते, पण ती कधी अशी परकी वाटली नाही.

ज्याचा विचार आधी कोणीच सुचवला नव्हता अशी अडचण खिडकीची आहे. खिडकी ज्या भिंतीत आहे ती भिंतही निळीच केल्यामुळे भर दिवसा लखलखीत चौकोनाभोवती काळोखी चौकट उभी राहते. त्या बाजूला तोंड करून टेबलावर काम करताना डोळ्यांना सतत उजेड आणि अंधार यांत जुळवून घ्यावे लागते, आणि तासाभरात ते दमतात. फिकट खोलीत खिडकीभोवतीची भिंत स्वतःच उजळलेली असल्याने हा त्रास जाणवत नाही. याउलट पडद्यावर काही पाहायचे असेल तर निळी खोलीच बरी, कारण मागून भिंतीचे प्रतिबिंब पडद्यावर उमटत नाही.

डागांच्या बाबतीत माझा अंदाज पूर्ण उलटा ठरला. गडद रंगावर मळ दिसणार नाही, अशा समजुतीत मी होतो. फिकट भिंतीवर स्विचबोर्डाभोवती हातांचे काळे डाग पडले खरे, पण ते ओल्या फडक्याने गेले. निळ्या भिंतीवर खुर्चीची पाठ घासली, पिशवी टेकली किंवा नुसते नख लागले, तरी तिथे पांढुरका ओरखडा उमटतो; आणि तो पुसायला जोर लावला की मॅट रंग त्या जागी गुळगुळीत होऊन चकाकतो. अशी एक चकाकती जागा दाराशेजारी कायमची झाली आहे. धूळही निळ्यावरच आधी दिसते. गडद रंग घ्यायचाच असेल तर वावराच्या भिंतीवर मॅटऐवजी थोडी चमक असलेला, धुता येणारा प्रकार घ्यावा, असे आता वाटते. मात्र त्या चमकेत पुट्टीचे उंचवटे जास्त उठून दिसतात, हेही लक्षात ठेवावे लागेल.

किरकोळ दुरुस्तीही गडद रंगात अवघड जाते. खिळ्याचे भोक बुजवून उरलेल्या डब्यातला रंग लावला तेव्हा फिकट भिंतीवर जागा शोधूनही सापडेना, तर निळीवर ठिगळ स्पष्ट दिसत राहिले, आणि अखेर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा रंगवावी लागली. मुळात त्या रंगाला वेळही जास्त लागला होता: फिकट खोलीचे काम दोन हातांत भागले, निळ्याला राखाडी प्रायमरवर (रंगाआधी द्यायच्या थरावर) तीन हात द्यावे लागले, आणि रोलर मध्येच थांबवला तिथले पट्टे पहिल्या दोन हातांनंतरही दिसत होते.

एवढे असूनही निळी खोली पांढरी करण्याचा विचार नाही, कारण आम्ही ती मुख्यतः संध्याकाळनंतरच वापरतो आणि त्या वेळी ती दुसऱ्या खोलीपेक्षा निश्चित सरस आहे. बदलणार आहे ती फक्त खिडकीची भिंत. तिला आधी डाग झाकणारा पांढरा प्रायमर आणि मग शेजारच्या खोलीतला फिकट रंग द्यायचा, आणि टेबल तिथून हलवायचे, एवढे ठरले आहे.