ऊन, ट्यूब की एलईडी? घरच्या सर्किट बोर्डासाठी अतिनील प्रकाश निवडताना

तांब्याच्या बोर्डावर ड्राय फिल्म, म्हणजे अतिनील प्रकाशाने कडक होणारा पातळ थर, बसवून झाली, सर्किटची पारदर्शक शीटही छापली. आता प्रकाश कशाचा द्यायचा? मी तिन्ही वापरून पाहिले आहेत, आणि माझ्या लेखी ताकदीपेक्षा सातत्य मोठं. आज जमलेली वेळ उद्याही जमली पाहिजे.

उन्हाला काहीच जुळवाजुळव लागत नाही. किरण जवळजवळ समांतर येत असल्याने कडाही रेखीव उमटतात. पण पातळसा ढग आला की हिशोब बिघडतो. माझा पहिला देखणा बोर्ड उन्हातच झाला. दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ दिला, तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ट्रॅकच, म्हणजे सर्किटच्या रेघाच, सुटून तरंगायला लागले. फिल्म पुरती कडक झालीच नव्हती.

नखांचं जेल वाळवायच्या जुन्या दिव्यात बहुधा 9 वॅटच्या चार ट्यूब असतात. 365 नॅनोमीटरच्या आसपासचा त्यांचा प्रकाश फिल्मला मानवतो. मात्र तो चहूकडून येतो, शीटखाली शिरतो आणि बारीक ट्रॅकमधल्या फटी बुजवतो. जाड ट्रॅकना काही अडचण नाही. ट्यूब आधी थोडा वेळ पेटवून ठेवा.

नेहमी बोर्ड करणाऱ्याने मात्र एलईडीची पेटीच करावी. 395 ते 405 नॅनोमीटरच्या एलईडी सहज मिळतात, लावल्या क्षणी पूर्ण उजेड देतात. खरी मेहनत प्रकाश सगळीकडे सारखा पाडण्यात आहे. एलईडींच्या वर बसवलेल्या काचेवर साधा पांढरा कागद ठेवून पाहा. तो निळसर चमकतो, आणि ठिपके वेगवेगळे दिसले तर काच आणखी उंच घ्यायची. ठिपके एकमेकांत मिसळेपर्यंत. कोपरे तरीही जरा फिके राहतात, म्हणून पेटी बोर्डापेक्षा मोठी हवी.

जंतुनाशक 254 नॅनोमीटरची ट्यूब कुणी सुचवली तरी घेऊ नका. साधी काच तो प्रकाश अडवते आणि डोळ्यांना, कातडीला इजा होते ती वेगळीच. बाकीच्या दिव्यांकडेही टक लावून पाहू नये.

दिवा कोणताही घ्या, शीटची शाईची बाजू फिल्मला टेकलेली असू द्या. मग एका तुकड्यावर पुठ्ठा ठेवून दर 30 सेकंदांनी बोटभर सरकवा. धुतल्यावर जो पट्टा टिकला आणि ज्यातल्या फटीही मोकळ्या राहिल्या, ती तुमची वेळ. पेटीच्या झाकणावरच लिहून ठेवा.